रायभान फौजदाराचा मुद्देमाल

“मयताचं नाव?”

“रायभान सखाराम शेगर.”

“धंदा?”

“फौजदार,” मी म्हणालो.

हवालदार घुल्यांचं पेन थांबलं. कोपऱ्यात चहा गाळणारा शिपाई खोकला. खाली फरशीवर पदर आवळून बसलेल्या काकीनं मात्र मान हलवली, पोरानं बरोबर सांगितलं म्हणून.

“फौजदाराचं सोंग घ्यायचे, असं म्हणायचंय मला,” मी सावरून घेतलं. “आम्ही बहुरूपी, साहेब. गावोगाव हिंडायचं, सोंग काढायचं, लोक हसले की रुपया-आठ आणे, पसाभर धान्य, देतील ते घ्यायचं. काकांचं सोंग फौजदाराचं. त्यांचे पैसे तुमच्याकडं जमा आहेत, ते न्यायला आलोय. ही त्यांची बायको. मी पुतण्या, लहानू.”

“पैसे नाही म्हणायचं. मुद्देमाल म्हणायचं.”

“मुद्देमाल न्यायला आलोय.”

“तो असा नेता येत नसतो.”

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि आजच्यापेक्षा दुप्पट उंच होतो. पुढं कचेऱ्यांत वाकून वाकून निम्मा राहिलो.

काका कसे गेले ते आधी सांगतो. उखळगावच्या बाजारात ते पहिल्यांदाच गेले होते. सकाळी पूर्ण वेषात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसले. खाकी कोट, कमरेला पट्टा, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले बिल्ले, डोक्यावर टोपी, काखेत छडी. पाठ भिंतीला टेकली, नजर समोर बाजारावर, आणि त्याच बैठकीत जीव गेला. कुणाला कळलं नाही. फौजदारसाहेब आज रागात आहेत, कुणाशी बोलत नाहीत, एवढंच लोकांना वाटलं. एका बागवानानं समोर दोन पेरू आणून ठेवले. मापात मारणाऱ्या एका धान्यवाल्यानं जन्मात पहिल्यांदा शिगोशीग पायली भरली आणि घरी जाऊन आजारी पडला. चार वाजता ठाण्यावरून सायकलीवर एक पोलीस आला. त्यानं काकांना पाहिलं, सायकल भिंतीला लोटली, टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. साहेब सलाम घेईनात, म्हणून हात खाली घ्यायची त्याची छाती होईना. किती वेळ उभा होता? लोक पाच मिनिटं सांगतात. मी अर्धा तास सांगतो. मग ओट्याखालच्या कुत्र्यानं काकांचा हात हुंगला आणि तो हात घसरून खाली लोंबला.

पेरूंचं आणि पायलीचं वाटल्यास सोडून द्या. सलाम मात्र खरा आहे.

आमची पालं चौदा कोसांवर. बातमी लागेपर्यंत तीन दिवस गेले आणि तोवर बेवारस म्हणून ग्रामपंचायतीनं सगळं उरकलं होतं. काकीला नवऱ्याचं तोंड दिसलं नाही. मागं राहिला होता तो काकांच्या पोटाला बांधलेला पैशांचा कापडी कसा. पोलिसांनी तो सोडला, पंचांसमोर मोजला. अकराशे साठ रुपये.

आमच्यात पैसा अंगावरच असायचा. पेटीत ठेवायचा तर पेटी ठेवायला घर हवं. आणि हे पैसे घरासाठीच होते. नांदुरीच्या गाडेकरांनी गावाबाहेरची दोन गुंठे जागा अकराशे रुपयांना द्यायचं कबूल केलं होतं. काकीचे गुडघे गेले होते. बसली की उठताना दोघांनी धरावं लागे, आणि तरी वर्षातले आठ महिने गाढवामागं चालायची. “आता एका जाग्यावर मरायचंय,” एवढं एकच मागणं तिनं काकांकडं मागितलं होतं. काकांनी सहा वर्षं साठवलं. गाडेकर म्हणाले होते, पाडव्यापर्यंत थांबतो, नंतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. ते पैसे द्यायलाच काका निघाले होते. वाटेत बाजार लागला, आणि भरलेला बाजार बघून सोंग न काढता पुढं जाणं त्यांच्यानं झालं नाही.

“बरं,” हवालदार घुले म्हणाले, “तुझा काका बहुरूपी. मग लोकांना कळायचं ना, हा पोलीस खोटा आहे म्हणून?”

“काकांना ओळखेल? कोण?” माझ्या तोंडाला पाणीच सुटलं. काकांचा विषय निघाला की मला थांबता येत नसे, आजही येत नाही. “अहो साहेब, एकदा जंगलात दरोडेखोरानं काकांना पाहिलं आणि आपण होऊन दोन्ही हात पुढं केले. बेड्या नव्हत्या म्हणून काकांनी त्याला उद्या ये सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तो आला! खरे पोलीस रस्त्यात उतरून सलाम करायचे. आता उखळगावातच बघा ना, माणूस मेलेला, आणि तो कोण सायकलवाला येडा—”

शिपायाच्या हातातलं गाळणं खाली पडलं. काकीनं माझं धोतर ओढलं. घुल्यांचं तोंड विटेच्या रंगाचं झालं होतं. ओट्यासमोर सलाम ठोकून उभा राहिलेला सायकलवाला माझ्यासमोरच बसला होता.

“लिहितो,” ते दात आवळून म्हणाले. “‘मयत इसम हा पोलिसाची हुबेहूब बतावणी करून सामान्य जनतेची व प्रत्यक्ष पोलिसांचीही फसवणूक करीत असे, असे त्याचा पुतण्या सांगतो.’ सही येते का अंगठा?”

“सही येते.”

अख्ख्या पालांत सही येणारा मी एकटा. चौथीपर्यंत शाळेत घातलं होतं मला काकांनी. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. वॉरंट म्हणून वर्तमानपत्राचं पान उलटं धरायचे आणि घडाघडा वाचायचे.

मी सही केली.

मुद्देमाल ठाण्यातून तालुक्याच्या तहसील कचेरीत गेला. तिथं अव्वल कारकून होते पानसे. बारीक, नाकावर चष्मा, आणि समोरचा माणूस बोलत असताना कागदाशीच बोलणारे.

“आरोपी मेला, खटला संपला,” पानसे म्हणाले. “मुद्देमाल संपत नाही. पोलीस असल्याचं भासवून धाकानं गोळा केलेली रक्कम, असं ठाण्याचं म्हणणं आहे. ज्यांच्याकडून घेतली त्यांना परत जाईल. कुणी आलं नाही तर सरकारजमा.”

“भाऊसाहेब, सहा वर्षं साठवलेत ते.”

“पावत्या आहेत?”

“कशाच्या?”

“साठवल्याच्या.”

मी काकीकडं पाहिलं. काकीनं माझ्याकडं पाहिलं.

“वारस दाखला?”

त्यासाठी तलाठ्याकडं गेलो. तलाठी म्हणाला, “राहणार कुठले?”

“सगळीकडचे.”

“सगळीकडचा दाखला माझ्या अखत्यारीत नाही.”

शेवटी गाडेकरांनी सरपंचाला धरून एक कागद करून दिला, की ही बाई रायभानची लग्नाची बायको आहे. तो कागद घेऊन गेलो तर पानसे रजेवर. पुन्हा गेलो तर शिक्का घरी राहिलेला. पुन्हा गेलो तर ट्रेझरीची किल्ली जिल्ह्याला गेलेली. किल्ली एकटीच जिल्ह्याला कशाला जाते हे मला आजवर कळलेलं नाही. काकी प्रत्येक खेपेला बरोबर. कचेरीला अकरा पायऱ्या. ती एकेक पायरी बसून चढायची.

पाचव्या खेपेला पानसे म्हणाले, “दोन साक्षीदार आणा. तो बहुरूपी होता आणि आम्ही राजीखुशीनं पैसे दिले असं सांगणारे. तेवढ्यानं काम होईल.”

माझा जीव भांड्यात पडला. साक्षीदारांना काय तोटा? लोणवाडीचे बापू काळोखे आणि त्यांची शेजारीण गोदामावशी यांच्या दारात काका पंचवीस वर्षं सोंग काढत होते. मी नुसतं सांगायचा अवकाश, दोघंही बारशाला निघाल्यासारखी नटून, पदरच्या पैशानं एसटीनं आली. बापूंनी फेटा बांधला होता. गोदामावशींनी काकीला मिठी मारली, दोघी पायरीवर बसून रडल्या. मग बापू आत गेले.

“मयताला ओळखता?” पानशांनी विचारलं.

“वळखतो म्हंजी? दरसाल येतो आमचा फौजदार. दारात हुबा ऱ्हातो आन् म्हणतो, बापू काळोखे, तुझ्या म्हशीनं सरकारी रस्त्यावर शेण टाकलं. हे वॉरंट, चल जेलात!”

“मग तुम्ही काय करता?”

“पाया पडतो. गयावया करतो. आमची बायको आतून हंबरडा फोडती.”

“खरोखर रडतात?”

“रडायलाच पायजे की! त्यो एवढा लांबून उन्हातान्हात येतो, त्येचं सोंग रंगवायला नगं?”

पानसे लिहीत होते. मी वाकून वाचलं. ‘साक्षीदार व त्याची पत्नी भयभीत होऊन रडू लागतात.’ मी बापूंना डोळ्यांनी खुणावलं. बापूंनी मला उलट डोळा मारला, काळजी करू नको म्हणून.

“पैसे का देता?”

“जामीन! रुपया दिला की वॉरंट फाडतो.”

“आणि नाही दिला तर?”

“न दिऊन सांगता कुणाला? धरून नेईल! लई कडक हाय त्यो.”

गोदामावशी बापूंच्याही वर गेल्या. सुनेला उपाशी ठेवल्याचा गुन्हा फौजदारानं आपल्यावर कसा लावला, आपण कशा कांडणाच्या उखळामागं लपलो, फौजदारानं कसं शोधून काढलं, सगळं हात नाचवत सांगितलं. पानशांनी विचारलं, “पैसे राजीखुशीनं दिले ना, बाई?”

“राजीखुशीनं?” मावशींना अपमानच वाटला. “धाकानं दिले! राजीखुशीनं द्यायला त्यो काय भिकारी हाय?”

बाहेर आल्यावर बापूंनी फेटा सारखा केला. “कसं बोललो, लहानू? रायभानचं नाव राखलं का न्हाई?”

काय सांगणार? म्हणालो, “राखलं, बापू.”

काकीनं दोघांना चहा पाजला. जाताना बापूंनी तिच्या हातावर एक रुपया ठेवला आणि म्हणाले, “यंदाचा जामीन ऱ्हायला होता.”

पाडव्याला आठ दिवस राहिले तेव्हा तहसीलदारांसमोर तारीख लागली. गाडेकरांचा निरोप आला होता की दुसरं गिऱ्हाईक बाराशे म्हणतंय, मी शब्द धरून आहे पण पाडव्यापुढं माझ्या भावांना आवरणं होणार नाही. आम्ही पहाटेच चालायला लागलो. वाटेत मी काकीला पढवत होतो.

“काकी, फार काही बोलायचं नाही. साहेब विचारतील, लोक ओळखायचे का? तू म्हणायचं, ओळखायचे. संपलं.”

“काय वळखायचे?”

“हेच की काका खोटे फौजदार आहेत.”

काकी चालत राहिली. पुढच्या वळणावर म्हणाली, “आन् असं न्हाई म्हणलं तर?”

“तर पैसे सरकारचे. नांदुरीची जागा त्या गिऱ्हाइकाची.”

“बघू,” ती म्हणाली. त्यानंतर तालुका येईपर्यंत तिनं माझा हात धरला नाही. झाडं, दगड, दुसऱ्याच्या बैलगाडीचं मागचं फळकूट, असं मिळेल ते धरत आली.

तहसीलदार तरुण होते, सर्दीनं बेजार. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी सगळे कागद वाचले आणि मधेच त्यांचे खांदे हलायला लागले. सर्दीनं नाही, हसण्यानं.

“पानसे, ही म्हशीच्या शेणाची जबानी तुम्ही अशी लिहून घेतलीत?”

“बोलले तसंच लिहिलं, रावसाहेब.”

“मी लहान असताना आमच्या दारातही यायचा एक बहुरूपी,” रावसाहेब म्हणाले. “मी कोठीत लपायचो.” मग ते काकीकडं वळले. “बसा बाई, खुर्चीवर बसा. हे बघा, पैसे तुमचे आहेत हे मला दिसतंय. पण माझ्यापुढं तीन कागद आहेत आणि तिन्ही सांगतात की लोकांना तो खरा पोलीस वाटत होता. खरा वाटला तर गुन्हा. खोटा आहे हे लोकांना माहीत असेल तर नुसता खेळ. तुम्ही बायको आहात, गावोगाव बरोबर हिंडलात. लोक ओळखायचे ना?”

काकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“‘ओळखायचे’ एवढं म्हणा. आजच्या आज पैसे देतो.”

मी टेबलाखाली काकीचा पाय दाबला. काकीनं पाय काढून घेतला.

“कुणी वळखलं असंल,” ती म्हणाली, “तर त्याला म्होरं आणा.”

“म्हणजे?”

“रावसाहेब, चाळीस वर्सं सोंग घेतलं त्यांनी. पयल्या दारात माणूस आधी दचकायला पायजे, मग हसायला पायजे, हा त्यांचा नेम. न दचकता हसलं, तर त्या गावात दाणा घ्यायचा न्हाई, तसंच माघारी फिरायचं. कवाच माघारी आले न्हाईत. टोपी म्या शिवली. बिल्ले म्या चिंचेनं घासायची, रोज. वळखायचे म्हणून सांगू? मग चाळीस वर्सं आमी काय केलं?”

पानशांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

“हे लिहू नका,” रावसाहेब म्हणाले. “बाईंना बाहेर बसवा. पाणी द्या.”

शिपायानं तिला धरून व्हरांड्यात नेलं. दार लोटलं गेलं.

“आता तू सांग,” रावसाहेब मला म्हणाले. “तू त्याच धंद्यातला. तुझ्या शब्दाला किंमत आहे.”

मी आयुष्यात थापांखेरीज काही कमावलं नाही. चंद्रावर आमच्या आज्याचा तंबाखूचा बटवा विसरलाय हेही मी लोकांना पटवलेलं आहे. त्या दिवशी मात्र थाप मारायच्या आधी मी टेबलाची कड धरली.

“ओळखायचे, रावसाहेब.”

“लगेच?”

“लांबूनच.”

“कशावरून?”

“काकांना ते… जमायचं नाही. चालण्यावरून कळायचं. बिल्ले पत्र्याचे दिसायचे. टोपी वेडीवाकडी.”

“पोलिसांपुढं तू अगदी उलट सांगितलं आहेस.”

“तेव्हा खोटं बोललो होतो.”

“का?”

“सवय आहे मला.”

रावसाहेबांनी पानशांना मजकूर सांगितला. पेन कुरकुरत होतं. व्हरांड्यातून काकीचा आवाज येत होता. ती शिपायाला सांगत होती की टोपीला आतून मेणकापडाचं अस्तर आहे, घाम बाहेर दिसत नाही.

हुकूम तयार झाला. गणवेश नष्ट करावा, रक्कम विधवेस द्यावी. साक्षीला मी सही केली. पानसे कागद आणि शाईचा पॅड घेऊन माझ्याबरोबर व्हरांड्यात आले. काकी कठड्याला धरून उठली.

“अंगठा द्या, बाई.”

“काय लिवलंय?” काकीनं विचारलं.

“पैसे द्यायचा हुकूम आहे,” मी म्हणालो.

“त्यांच्याविषयी काय लिवलंय?”

“काकी, उशीर होतोय.”

“वाच.” तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. “वाचल्याबिगर अंगठा देणार न्हाई.”

मी पानशांच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि घसा साफ केला.

“‘हुकूम,’” मी वाचलं. “‘मयत रायभान सखाराम शेगर, बहुरूपी, यांचे फौजदाराचे सोंग इतके हुबेहूब होते की गाव तर गाव, खुद्द सरकारचीही फसगत झाली. अशा कलावंताचा मुद्देमाल अडकवून ठेवल्याबद्दल सरकार दिलगीर आहे.’”

“दिलगीर म्हंजी?”

“वाईट वाटतंय सरकारला.”

काकीनं डोळे टिपले. “आन् कापडाचं काय लिवलंय? टोपीचं?”

माझी नजर पुन्हा कागदावरून फिरली. वर खाली, डावीकडून उजवीकडं.

“‘टोपीची शिवण उत्तम,’” मी वाचलं. “‘सबब सदर गणवेश सरकार नमुना म्हणून आपल्याजवळ ठेवून घेत आहे.’”

हे सगळं पानसे माझ्या खांद्याला खांदा लावून ऐकत होते. ज्या माणसानं बापूंचा एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता, तो. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाचता आलं नसतं.

पानशांनी पॅड उघडला. “डावा अंगठा, बाई,” ते म्हणाले. “इथं. टोपीच्या खाली.”

काकीनं अंगठा उमटवला.

नांदुरीची जागा झाली. गाडेकरांनी बाराशेचं गिऱ्हाईक परत पाठवलं, वर कुडाला तुऱ्हाट्या दिल्या. उरलेल्या पैशातून काकीनं पावणेदोन रुपये काढले आणि हुकमाच्या आमच्याकडच्या प्रतीला काच लावून आणली. दारातून आत शिरलं की समोर तीच. येईल त्याला ती विचारायची, “वाचता येतं का?” येत असेल तर धरून उभं करायची. नांदुरीत वाचता येणारे किती होते, कोण कुठल्या आळीला राहतो, शाळेत कोण कितवीत गेलं, हे त्या वर्षी मला मास्तरांपेक्षा जास्त माहीत होतं.

मास्तर आले ते वैशाखात. बोराडे मास्तर, शाळेसाठी मुलांची नावं लिहायला. मी छपरावर गवत बांधत होतो. खाली काकीचा आवाज ऐकू आला, “मास्तर, वाचा की जरा. मोठ्यानं वाचा.” गवताच्या फटीतून मला मास्तरांची पांढरी टोपी दिसत होती. उतरायला शिडी पलीकडच्या बाजूला. ओरडावं तर काय म्हणून ओरडावं?

मास्तरांनी वाचलं, पण मनात. एकदा वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग काकीकडं पाहिलं. मग मान वर केली आणि फटीतून नेमकं माझ्याकडं पाहिलं.

“वाचा की,” काकी म्हणाली. “टोपीचं नीट वाचा, त्येच्यात टोपीचंबी हाय.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“‘टोपीची शिवण उत्तम,’” ते म्हणाले. “मोठ्या अक्षरात लिहिलंय, काकी.”

काकी त्या घरात चौदा वर्षं राहिली आणि तिथंच, एका जाग्यावर गेली. गावातले वाचणारे वाढत गेले, आणि तिनं ज्याला ज्याला काचेसमोर उभं केलं त्यानं तिला टोपीचं वाचून दाखवलं. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

आता मी म्हातारा झालोय. पारावर बसून काकांच्या गोष्टी सांगतो. दरोडेखोराची सांगतो, पायलीची सांगतो, लोक हसतात. सलामाची सांगितली तरी हसतात. एखादा म्हणतो, “आजोबा, ही तरी खरी का?” मी म्हणतो, खरी. “मग काही कागदबिगद आहे का?”

कागद आहे. माझ्या ट्रंकेत आहे, काचेसकट. गोल शिक्का आहे, तारीख आहे, जावक क्रमांक आहे. ‘मयताचे सोंग अगदीच ओबडधोबड असून ते कोणासही कधी खरे वाटले नाही.’ खाली काकीचा अंगठा. साक्षीला माझी सही.